साळोजीच्या घरातलं काचेचं अंडं

एका जंगलात, जिथं झाडं कमी आणि जाणकार जास्त होते, साळोजी नावाचं साळिंदर राहत होतं. शेंबूड पुसा आणि ऐका. ज्यांना झोप येतेय त्यांनी झोपून ऐका.

साळोजीचं बीळ एका खोलीचं. त्याची बायको साळूबाई, तिचे दिवस भरत आलेले. माहेर नदीपलीकडं, पाण्याला ओढ फार. तेव्हा तिची आई म्हणाली, "तू नको येऊस, मीच येते." आता एका खोलीत बायको, बाळ, सासू आणि एवढे काटे! साळोजीला घामच फुटला. तो कुदळीसारखे पंजे घेऊन भिंतीला भिडला.

दोन हात खणलं आणि 'टण्' वाजलं.

पूर्वी कधीतरी तिथं माणसं सहलीला आली होती. खाल्लं, प्यालं, नाचली, आणि उरलंसुरलं सगळं खड्ड्यात पुरून गेली. घरी जाऊन स्वच्छतेवर निबंधही लिहिला असेल. त्याच खड्ड्यातून साळोजीनं एक जाडजूड हिरवी बाटली उपसली. तिच्या गळ्यात एक गोटी अडकली होती. हलवली की खुळखुळायची.

तुम्ही ओळखलंत. जत्रेत ढेकर काढायला पितात तो गोटीसोडा. पण तुम्ही शाळेत जाता. जंगलात शाळा नव्हती, फक्त विद्वान होते.

"अगं, बघ तरी काय सापडलं!"

"धुऊन कोपऱ्यात ठेवा," साळूबाई म्हणाली, "आणि तोंड बंद ठेवून खणा."

बायकोचं ऐकलं असतं तर गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्ही खेळायला गेला असता. पण साळोजी बाटली घेऊन दारात बसला. येईल जाईल त्याला दाखवू लागला.

पहिला आला मोर. त्यानं एक डोळा लावून आत पाहिलं आणि पिसारा थरथरवला.

"अंडं! आमच्या पणजीचं अंडं!"

"पणजी कुणाची रे?" घोरपड मागून सरसरत आली. "हिरवा रंग बघ. आमच्या घराण्याचं आहे ते."

दोघांची जुंपली. मग तरसाला बोलावलं. तो जंगलाच्या पुरातन खात्याचा मुख्य होता. जुनंपुराणं त्याच्याइतकं कुणाला कळणार? त्याच्या जेवणात ताजं कधी नसायचंच.

तरसानं बाटली हुंगली. मग चाटली. मग डोळे मिटले.

"दहा हजार वर्षं."

"कशावरून, साहेब?" साळोजीनं विचारलं.

"नऊ हजार असती तर थोडा वास राहिला असता."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तरसाला चेव आला. "बघा आपले पूर्वज! अंडं घालायचे तेही काचेच्या टरफलात. न फोडता आतलं पिल्लू दिसायचं. आणि आपण? आपण साधी अंडी घालतो!"

तरस अंडी घालत नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. अशा वेळी ते लक्षात येत नसतंच.

तासाभरात बिळावर पाटी लागली: 'संरक्षित घर. खणू नये, हलू नये, शिंकू नये.' अंडं जागेवरच उबवायचं ठरलं. मोर बाटलीवर बसला. हे ऐकून लांडोरी इतक्या हसल्या की दोघी फांदीवरून पडल्या. स्वतःच्या अंड्यांकडं त्यानं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं.

"मग आम्ही राहायचं कुठं?" साळोजी म्हणाला.

"बाहेर," तरस म्हणाला. "नशीबवान आहेस लेका! घराला इतिहास आहे तुझ्या."

"साहेब, घराला खोली हवी होती मला. हिचे दिवस भरलेत."

"दहा हजार वर्षं अंडं थांबलं. तुझं पोर आठ दिवस थांबू शकत नाही?"

साळोजी वाघमहाराजांकडं गेला. महाराज गुहेत सावलीला पडले होते. "महाराज, बायको उघड्यावर बाळंत होईल हो. कोल्हे टपलेत."

"जंगलासाठी थोडा त्याग कर," महाराजांनी जांभई दिली. "आम्हाला तुझा अभिमान वाटतो. आता जा."

साळोजी रडत परत आला. साळूबाई करवंदीच्या जाळीत अंग चोरून बसली होती.

"रडून झालं?" ती म्हणाली. "मग ऐका. पाटी लागायच्या आधीच त्या खड्ड्यातलं मी काय काय बाहेर काढून ठेवलंय ते बघा. दात पडलेला कंगवा. पत्र्याचं टमरेल. एवढा इतिहास आपण एकट्यानं ठेवणं बरं नाही. वाटून टाका."

साळोजीच्या पाठीवरचा काटा न् काटा हसला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी जंगल घोरत होतं. साळोजीनं कंगवा मोराच्या नाचायच्या माळावर पुरला. महाराज पाणवठ्यावर डुंबायला गेले तेव्हा टमरेल त्यांच्या गुहेत पुरलं. एक टोक वर ठेवलं. मग स्वतःच बोंब ठोकली, "साहेब, धावा! इतिहास निघाला!"

तरस धावला. आधी माळावर. कंगवा चाटला. "आठ हजार वर्षं. हा माळ बंद!"

मोर बाटलीवरून उठून धावत आला. "अहो साहेब, हा कचरा आहे!"

"माझ्या जिभेवर शंका?"

"मग मी नाचू कुठं?"

"त्याग कर," साळोजी म्हणाला. "आम्हाला अभिमान वाटतो."

"साहेब, तिकडं अजून एक निघालंय!" म्हणत त्यानं वाट दाखवली आणि मिरवणूक गुहेकडं निघाली. पुढं तरस, मागं सगळं जंगल. कुठं आलो ते न बघता तरस सवयीनं खाली वाकला, टमरेल चाटलं, डोळे मिटले आणि ओरडला, "पंधरा हजार वर्षं! राजमुकुट! सामान बाहेर काढा! कोण राहतं इथं?"

"मी," महाराज म्हणाले. ते नुकतेच ओले होऊन परतले होते.

तरसानं डोळे उघडले. लावायला आणलेली पाटी हातातून गळून पडली.

"म्हणजे मी उन्हात राहायचं?" महाराजांनी हळू विचारलं. वाघ हळू बोलला की जास्त ऐकू येतं.

"महाराज, पुन्हा... पुन्हा चाटून बघतो." तरसानं जीभ लावली न लावली. "चुकलं माझं. गेल्या आठवड्यातलं आहे. भंगार."

"आणि महाराज," साळोजीनं हात जोडले, "कंगवा न् बाटली त्याच खड्ड्यातली, त्याच मातीतली. तेवढं साहेबांनी सांगावं."

तरसानं महाराजांकडं पाहिलं. महाराजांनी दात दाखवले.

"तेही भंगार," तरस म्हणाला. "सगळंच भंगार. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो."

लगेच फर्मान निघालं: खणताना काही लागलं तर इकडंतिकडं न बघता परत पुरावं.

त्याच संध्याकाळी साळोजीनं खोली पुरी केली. साळूबाई नव्या भिंतीला टेकून बाळंत झाली. जुळी झाली, मऊ काट्यांची. सासू उशिरा पोचली आणि खोली लहान आहे म्हणाली.

त्या जंगलाला आजही इतिहास नाही. सगळे आपापल्या घरात झोपतात.

तात्पर्य: मुलांनो, जुनं ते सोनंच असतं, फक्त ते शेजाऱ्याच्या घराखाली निघालं पाहिजे. आपल्या घराखाली निघालं तर तो कचरा समजावा, आणि राजाच्या घराखाली निघालं तर ते निघालंच नाही असं म्हणावं.