दवाखान्याला गुण देणारे गुरुजी

आमचे शेजारी, निवृत्त शिक्षक शेंडेगुरुजी, सौंसरच्या सरकारी दवाखान्याची तपासणी बसस्टँडवर करतात. सकाळी नागपूरच्या गाडीच्या दाराशी उभे राहून ते चढणाऱ्यांचे हात पाहतात. एक्स-रेचा लिफाफा दिसला की विचारतात, "काऊन गा, इथं दाखवलं का?" नाही म्हटलं की दवाखान्याचे दोन गुण कापले. गल्लीतल्या टाक्यांत डासांच्या अळ्या सापडल्या तर आणखी पाच.

संध्याकाळी पानठेल्यावर निकाल लागतो. "आज एकतीस. पासाले तेहतीस लागते, दोनानं गेलं."

"ग्रेस द्या ना गुरुजी," पानवाला म्हणतो.

"डेंग्यू देते का ग्रेस?"

नव्या डॉक्टरांनी एकदा कौतुकाने सांगितलं, की रुग्ण वाढलेत. गुरुजी म्हणाले, शाळेत पोरं वाढली तर पेढे वाटतात, तुमच्याकडे वाढले तर काय वाटायचं?

यंदा पावसाळा सरताना माझ्या आईला ताप चढला. आम्ही शिंक आली तरी नागपूर गाठणारी माणसं. गुरुजींना चुकवायला मी आईला ऑटोने पुढच्या नाक्यावर नेलं. तापलेल्या म्हातारीला एका मास्तरच्या भीतीने उन्हात उभं केलं, याची लाज अजून जात नाही. गाडी थांबली, तर दारात गुरुजीच. नाक्यावरचे लोक तपासणीतून सुटतात म्हणून ते आता स्टँडवरून तिथवर गाडीत बसून येत होते.

बोलणी खायची तयारी मी केली होती. त्यांनी फक्त आईचा हात धरला. "वहिनी, आधी इथं रक्त पाहू. डॉक्टरनं म्हटलं तर मीच नेतो नागपूरले."

डेंग्यूच निघाला. डॉक्टरांनी ठेवून घेतलं, गरज पडली तर पुढे पाठवू म्हणाले. सलाईन लागलं. गुरुजींनी मला पलंग खिडकीशी ओढायला लावला आणि तिथेच बसून राहिले. काही वर्षांपूर्वी याच तापात ते आपल्या बायकोला, सुशीलाकाकूंना, परस्पर नागपूरला घेऊन गेले होते. काकू परत आल्या नाहीत.

संध्याकाळी आईला जाग आली. घरी पाणी भरलं का, विचारू लागली.

"ते पाहा वहिनी, तुमची गच्ची," गुरुजींनी बोट दाखवलं. "सूनबाई दोरीवरचे कपडे काढून राहिली."

आई बघत राहिली. डोळे मिटले तेव्हा तिचा चेहरा निवला होता.

गुरुजी खिडकीकडेच पाहत म्हणाले, "सुशीला तिथं नागपूरले सारखी विचारून राहिली होती, इथून आपलं घर दिसते का जी? मी दिसते म्हटलं."