अण्णांच्या कोपराची गोम

डॉक्टरांनी दिलेला कोपराचा पट्टा भानुदास अण्णांनी सगळ्यात आधी गल्लीतल्या कुत्र्याला हुंगायला दिला. कुत्रं शिंकलं.

"बघा ताई," अण्णा मला म्हणाले, "ह्यात काहीतरी गोम हाय."

अण्णा आमचे वडवणीतले शेजारी. भिंतीला भिंत. सगळी हयात कंडक्टरकीत गेली, त्यामुळे समोरचा माणूस बिनतिकिटाचाच आहे असं धरून चालायची सवय काही सुटली नाही. दूधवाल्यात त्यांना गोम दिसते, रोज मोबाइलवर 'शुभ सकाळ' पाठवणाऱ्या मेहुण्यात दिसते, आणि बाजारात मेथी स्वस्त मिळाली तर विचारूच नका. मांजरसुंब्याला एका ढाबेवाल्याने ओळखीखातर चहाचे पैसे नको म्हटलं, तर हे न पिताच उठले. वर "फुकट कशापायी देतो रे?" असं त्यालाच दरडावून आले.

यंदा उन्हाळ्यात त्यांचा उजवा कोपर धरला. कपबशी उचलवेना, कुलपात किल्ली फिरवता येईना. बीडच्या डॉक्टरांनी टेनिस एल्बो म्हणून सांगितलं. झालं! अण्णा पेटलेच.

"मी जन्मात टेनिस खेळलो न्हाई. दुसऱ्याच कुणाचं तरी दुखणं माझ्या गळ्यात मारलं त्यानं."

"अहो अण्णा, नाव आहे ते नुसतं. हाताने तेच तेच काम केलं की कुणालाही होतं. तुम्ही काय करता एवढं हाताने?"

मी आपलं सहज विचारलं. तर अण्णा म्हणाले, "आज वारं लई सुटलंय." वारं? पानसुद्धा हलत नव्हतं! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

पट्टा त्यांनी आधी ताईतासारखा दंडावर बांधला. डॉक्टरांनी झापलं तेव्हा तो कोपराच्या खाली दोन बोटांवर आला. मग एवढा आवळला की बोटांना मुंग्या आल्या. ढिला ठेवला तर हरवेल आणि डॉक्टर दुसरा घ्यायला लावेल, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरांनी बजावलं होतं, की पट्ट्याने नुसता आराम पडतो, हाताला विसावा द्या, नाहीतर पुढे पाण्याचा पेलाही उचलणार नाही. आणि अण्णा भर उन्हात फुल बाह्यांचा सदरा घालून फिरायला लागले. पट्टा कुणाला दिसायला नको म्हणे. तरी मला दिसलाच, आणि त्याच्या चिकटणाऱ्या कडेला काहीतरी पांढरं अडकलेलंही दिसलं.

"पावडर हाय," अण्णा म्हणाले.

अण्णा आणि पावडर! या माणसाने स्वतःच्या लग्नात तरी लावली असेल का?

संशयाचा रोग मला अण्णांकडूनच लागला बघा. मी भिंतीला कान द्यायला लागले. रोज सकाळी पलीकडून आधी 'चर्र' असा आवाज यायचा, पट्टा आवळल्याचा. मग थप थप थप. भाकरी. आता अण्णांच्या घरची भाकरी म्हणजे सुलाकाकूंची, त्यांच्या बायकोची. गल्लीत कुणाचंही कार्य असो, पहिली भाकरी काकूंनी थापायची हा रिवाजच. पण काकू थापायला बसल्या की हिरव्या बांगड्यांचा आवाज आमच्या घरात यायचा. दिवाळीनंतर माजलगावला लेकीकडे राहून आल्या, तेव्हापासून नुसती थप थप. काकू ओट्यावरही यायच्या बंद झाल्या. "गुडघे धरलेत," अण्णा सांगायचे, आणि दार लोटून घ्यायचे.

गुडघ्यांचा आणि बांगड्यांचा काय संबंध, मी म्हणते! यांनी स्वैपाकाला बाई ठेवली की काय? मग लपवायचं कशाला?

शेवटी राहवेना. विरजण मागायच्या निमित्ताने वाटी घेऊन मागच्या दाराने शिरलेच.

काटवटीपुढे अण्णा बसले होते. बाह्या वर, हातावर पट्टा, कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ. दर थापेला तोंड वाकडं होत होतं. शेजारी स्टुलावर काकू.

"कड फाटायलीय. फिरवा की हो जरा!"

मला बघितलं आणि अण्णांच्या हातातली भाकरी मोडली. काकूंनी डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि पदराखाली घेतला.

मग अण्णाच म्हणाले, "हिच्या हातावरून वारं गेलं, ताई. लेकीकडं न्हवती, दवाखान्यात हुती. आल्यावर लेकीनं भाकरी केली तर ही ताटावरून उठली. माझी चूल गेली म्हणून रडली. गल्लीला कळलं तर घरोघरचे डबे येतील. मग ही जेवायची न्हाई."

"म्हणून तुम्ही? असल्या हाताने?"

"आवाज तर जातो ना तुमच्याकडं?"

काहीतरी बरं बोलावं, तर तोंडातून निघालं भलतंच. "आवाज जातो हो अण्णा. पण बांगड्या वाजत नाहीत."

दोघं एकमेकांकडे बघायला लागले.

"म्हणलं न्हवतं तुला?" अण्णा काकूंना म्हणाले, "ह्यात काहीतरी गोम राहिली हाय."

काकू हसल्या. किती दिवसांनी ऐकलं ते हसू!

"पीठ तरी मी मळून देत जाईन," मी म्हटलं.

अण्णांनी माझ्याकडे संशयाने बघितलं. मग विचार करून म्हणाले, "चालंल. मळल्याचा आवाज होत न्हाई."

दुसऱ्या दिवशी पहाटेच पीठ मळून देऊन आले आणि चहाचा कप घेऊन भिंतीला टेकून बसले. चर्र. थप थप थप. आणि मग बांगड्या! काकू शेजारी बसून डावा हात हलवत असणार. पण बांगड्या थापेच्या मागे पडत होत्या. मधेच थाप थांबली. बांगड्या वाजून झाल्या, आणि मग अण्णांनी पुन्हा थापायला घेतलं, बांगड्यांच्या तालाने, सावकाश.