सिस्टरचं कडेकोट संरक्षण

शस्त्रक्रियेची अवजारे निर्जंतुक करणारे इस्पितळातील यंत्र बंद पडले होते. ते दुरुस्त होईपर्यंत अवजारे गरम पाण्यातून काढून वापरावीत, असा तोंडी आदेश होता. रुग्णांचे टाके पिकू लागले, तसा मोठ्या सिस्टरच्या डोळ्याला डोळा लागेना. शेवटी त्यांनी वरच्या कार्यालयात तक्रार केली.

नुकताच गैरप्रकार उघड करणाऱ्या जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा अधिक कडक झाला होता. कार्यालयाने त्यांचे नाव गुप्त ठेवले आणि त्यांच्या टेबलाशेजारी बंदूकधारी रक्षक बसवला.

"तक्रार कोणी केली, काही कळलं का हो सिस्टर?" इस्पितळाच्या अधीक्षकांनी रक्षकाकडे बघत विचारले.

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरसोबत कोणी डबा खाईना. सहकाऱ्यांचा हा रोष धोकादायक असल्याचे संरक्षण अधिकाऱ्याने नोंदवले आणि सिस्टरना तळघरात, मोडक्या खाटांच्या खोलीत हलवले. ही बदली नसून सुरक्षित स्थलांतर होते.

"साहेब, मशीनचं काय झालं?" सिस्टरनी संरक्षण अधिकाऱ्याला विचारले.

"मॅडम, मशीन तपासलं की तक्रार खरी ठरणार. खरी ठरली की तुमच्या जिवाला धोका. कायद्यात बसत नाही ते."

"आणि पेशंट मेला म्हणजे?"

"पेशंटसाठी तरतूद नाही. त्यानं तक्रार केली तर बघू."

सिस्टर हटून बसल्या, म्हणून सुनावणी झाली. बंद यंत्र रोज पाहणारे सगळे हजर होते. भूलतज्ज्ञ पंख्याकडे बघत राहिले. धाकट्या सिस्टरला खोकल्याची उबळ आली. तळघरात बसणाऱ्या बाईंना वरच्या मजल्यावरचे यंत्र दिसणे अशक्य असल्याने तक्रार निकाली निघाली.

सिस्टरनी राजीनामा दिला. आता त्या कर्मचारी नसल्याने रक्षकही काढून घेतला गेला. एकाही जागल्याला इजा झाली नाही, म्हणून कार्यालयाचा सत्कार झाला.

सिस्टर निघाल्या, तेव्हा धाकटीने जिन्यात वर-खाली बघून त्यांचा हात घट्ट धरला. "ताई, बरं झालं तुम्ही बोललात. फक्त मी असं म्हणाले, हे कुणाला सांगू नका हं."

सिस्टरनी हात सोडवून घेतला. वर शस्त्रक्रिया सुरूच होत्या.

हे वाचून तुम्हीही मान डोलावली असेल. आवाज तर झाला नाही ना? मग निश्चिंत राहा. तुम्हाला संरक्षणाची गरज कधीच पडणार नाही.