चिमणीचं वजन

आमच्या टोकावड्यात द्वारकाबाय दर शनिवारी सकाळी ओटीवर मांजर टांगते. घाबरू नका, वजन करते. वाशाला ताणकाटा, काट्याला कापडाची झोळी आणि झोळीत चिमणी. चिमणी हे मांजरीचं नाव. मांजरीचं नाव चिमणी कसं, असं मी एकदा चिडून विचारलं होतं.

"तुझा नाव शांताराम ठेवलाय, मी काय बोलली?" बाय म्हणाली.

द्वारकाबाय अंगणवाडीत मदतनीस होती. गावातली निम्मी पोरं तिनं या झोळीत टांगलीयत, मलासुद्धा. औषध पाजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पोर मांडीवर आडवं घ्यायचं, हात पदरात गुंडाळायचे, गाल दाबायचे आणि म्हणायचं, "उघड तोंड. शाना रे माझा बाळ." पोराला कळायच्या आत औषध पोटात. मी म्हणे तिला चावलो होतो. अजून चारचौघांत अंगठा दाखवते.

बायचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. नोकरी संपली त्याच पावसात ओढ्याकडनं हे पिल्लू घरात आलं. ते वर्षाचं झालं तसं बायनं काटा काढला. भरलं तीन किलो. अंगणवाडीचा वजनाचा तक्ता तिला तोंडपाठ, हिरवा, पिवळा, लाल. वर्षाचं लेकरू तीन किलोचं म्हणजे सरळ लाल.

ती माझ्या ढाब्यावर आली. "शांत्या, पोरगी कुपोषित हाय रे."

"बाय, ते मांजर आहे."

"मंग? मांजराला शक्ती नको?"

बाय एसटीनं मुरबाडला गेली आणि औषधाच्या दुकानातनं पोरांचं टॉनिक, लोहाचं औषध, माशाच्या तेलाच्या गोळ्या असा सगळा बाजार घेऊन आली. दुकानदारानं विचारलं, "केवढी आहे मुलगी?" बाय म्हणाली, "वर्षाची." खोटं काहीच नव्हतं.

मग रोज संध्याकाळी पदरात गुंडाळलेली चिमणी, चमचा आणि "शानी गो माझी". ती बिचारी तोंड उघडायची. माझ्यापेक्षा गुणी.

काही दिवसांनी चिमणी जेवेना. ओकायला लागली, मानेला हात लावू देईना. शनिवारी वजन घटलं. बायनं काय करावं? डोस वाढवला.

एका सकाळी ती अनवाणी धावत ढाब्यावर आली. झोळीत चिमणी, मान टाकलेली. मी तवा तसाच सोडून मोटारसायकल काढली आणि बायला मागं बसवून मुरबाडला गुरांच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी बायनं बरोबर आणलेल्या सगळ्या बाटल्या बघितल्या आणि चष्मा काढला. "मावशी, माणसाचं औषध मांजराला द्यायचं नसतं. काही जीवनसत्त्वं जास्त झाली तर बाहेर पडत नाहीत, अंगात साठतात. लोह जास्त झालं तर विषच. आणि तीन किलो कमी कुठंय? मांजर एवढंच असतं."

"मंग शक्तीला काय देऊ?"

"बरी असताना मांजराचं रोजचं खाणं नीट खायची ना? मग काहीच नको. द्यायचंच झालं तर मांजराचंच, आणि आधी मला विचारून."

आत चिमणीला सलाईन लावलं. जगेल का, हे डॉक्टर सांगेनात. आम्ही बाहेर बाकड्यावर बसलो.

बाय म्हणाली, "सकाळ झाली का कोणतरी माझ्या म्होरं तोंड उघडायचा रे. आता पोरं कल्याणला, भिवंडीला. भेटली तर लांबूनच हात करतात. ही एकटी उघडत होती. तिलाच मी मारायला निघाली."

मी चहा आणला. तिनं घेतला नाही.

चिमणी जगली. देवाची कृपा, डॉक्टरांची जास्त. पहिल्या शनिवारी बायनं तिला टांगलं तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. काटा तिनाच्या जवळ आला आणि बायनं पदर डोळ्याला लावला. बाटल्या तिनं कधीच फेकल्या होत्या. पण संध्याकाळ झाली की ती रिकाम्या हातानं ओटीवर बसायची. बघवत नव्हतं.

मला डॉक्टरनं जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्या ढाब्याच्या गल्ल्यात पडून होत्या. एका संध्याकाळी पाकीट घेऊन गेलो.

"बाय, मी घ्यायच्या विसरतो. तू देत जा."

तिनं पाकीट उलटसुलट केलं. "माणसाच्याच हायत ना?"

"माणसाच्याच."

"डॉक्टर कोणचा?"

"तोही माणसांचाच."

तिनं मला खाली बसवलं आणि गाल दाबले. समोरच्या रस्त्यानं माळशेजची एसटी चालली होती, खिडक्यांतली माणसं बघायला लागली. चाळिशीचा माणूस, एवढी मिशी, ढाब्याचा मालक.

"उघड तोंड," बाय म्हणाली.

उघडलं.

"शाना रे माझा बाळ."

गोळी कडू होती. पण या वेळी मी चावलो नाही.