थ्री-नॉट-थ्रीचा बोल्ट

भिटौली ठाण्यातल्या सगळ्या जुन्या थ्री-नॉट-थ्री बंदुका उद्या अकरा वाजता जिल्ह्याच्या पोलीस लाइनीत जमा करायच्या, असा हुकूम आला, तेव्हा हवालदार सुखनंदन तिवारी आपल्या बंदुकीला शेवटचं तेलपाणी करायला बसले. इंग्रजांच्या अमदानीतली ती बंदूक एकतीस वर्षं त्यांच्या खांद्यावर होती. तिनं माणूस कधी मारला नव्हता. एकदा शेतात घुसलेल्या नीलगायीवर झाडली, तेव्हा नीलगाय तशीच चरत राहिली आणि तिवारी मागच्या चिखलात जाऊन बसले. तरी त्यांचा तिच्यावर जीव होता. त्यांनी तेलाची चिंधी हातात घेतली आणि बंदूक पुढ्यात ओढली. गोळी आत ढकलणारा लोखंडी बोल्टच बंदुकीत नव्हता.

बोल्ट काढून ठेवायची खोड त्यांचीच. तरुणपणी एका शिपायाची बंदूक रेल्वेत झोपेत चोरीला गेली आणि त्याची वर्दी उतरली. तेव्हापासून तिवारी झोपण्याआधी बोल्ट काढून खिशात घालत. बोल्टाशिवाय बंदूक म्हणजे नुसता सोटा, न्यायचा तर नेवो चोर. पण उद्या लाइनीत बंदुकीवरचा आणि बोल्टावरचा नंबर ताडून बघणार होते. बोल्ट नसला तर चौकशी, निलंबन. आणि निवृत्तीला उरले होते चार महिने. इतकी वर्षं डाग न लागू दिलेली वर्दी.

ठाण्यामागच्या क्वार्टरात त्यांची बायको लालमुनी डाळ निवडत होती. बोल्टाचं विचारलं, तर तिनं मानही वर केली नाही.

"तुम्हीच खुपसलात तांदळाच्या डब्यात. मेळ्याच्या बंदोबस्तावरून आलात तेव्हा. म्हणालात, इथं चोराच्या बापालाही सापडायचा नाही. त्यानंतर बंदुकीला हात कुठं लावलात?"

"डबा कुठाय?"

"सुनैनाबरोबर गेला."

तिवारी मटकन बसले. दिवस भरत आलेली लेक सासरी निघाली, तेव्हा लालमुनीनं तिच्या पदरात तांदूळ-हळदीचा खोइंछा, म्हणजे ओटी, भरला होता आणि वर अख्खा डबाही देऊन टाकला होता. तीनच दिवसांपूर्वी सुनैनाला मुलगी झाल्याचा निरोप आला होता. बाळाच्या सहाव्या दिवशी, षष्ठीच्या पूजेला, कपडे-मिठाई घेऊन वाजतगाजत जायचा बेत होता. आता जायचं ते रिकाम्या हातानं, आणि लेकीला दिलेलं परत मागायला.

सकाळी कोर्टात आरोपी पोचवून आल्यापासून सायकल दारातच उभी होती. ज्येष्ठाच्या उन्हात त्यांनी सात कोस ती दामटली. बरोबरचं पाणी वाटेतच संपलं, आणि लेकीच्या सासरी तर बापानं पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, अशी रीत.

विहीण रामकली ओसरीवर होती. चेष्टेची संधी ती सोडणाऱ्यातली नव्हे.

"व्याहीबुवा, षष्ठी तीन दिवसांवर आहे. पाणीसुद्धा घेणार नाही, मग घाई कसली?"

तिवारींनी चाचरत सगळं सांगितलं. रामकली खो खो हसली.

"तो होय? मी म्हटलं, पोलिसाच्या घरची तऱ्हाच निराळी, तांदळात लोखंड घालून देतात. बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड लागतंच. कोयता काढला आणि तोच ठेवला."

"सरकारी आहे हो तो."

"असू दे. षष्ठीपर्यंत उशाखालचं लोखंड काढत नाहीत. पोरीला काही झालं तर तुमचं सरकार येईल का बघायला?"

दुसरी कुणी असती तर तिवारींनी दरडावलं असतं. पण आतून इवलंसं रडू ऐकू आलं आणि ते ओसरीच्या पायरीवर टेकले. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता; पण तीन दिवसांच्या नातीवर प्रयोग कोण करणार? शेवटी आतून सुनैनानंच तोड काढली, "अम्माजी, बदली दुसरं ठेवलं तर?"

रामकलीनं विचार केला. चालेल म्हणाली, पण आजोळचंच, नानाच्या घरचंच हवं, आणि बोल्टाहून हलकं नको. तिवारींनी खिसे चाचपले. सायकलची पिशवी उलटी केली, तर सकाळच्या आरोपीची बेडी आणि किल्ली खणखणत खाली पडली. रामकलीनं बेडी हातात तोलून पाहिली.

"चोराला धरून ठेवते, ती भुतालाही धरेल. ठेवा."

उशाखाली बेडी गेली, बोल्ट बाहेर आला. त्यावर कुणीतरी काजळाचं बोट लावलं होतं. नातीनं आजोबांचं बोट मुठीत घट्ट धरलं, आणि तिवारींना वर्दीचाही घटकाभर विसर पडला.

दुसऱ्या दिवशी लाइनीत नंबर जुळले. शस्त्रं तपासणाऱ्या जमादारानं विचारलं, "हे काळं कसलं?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

जमादारानं बंदूक ढिगावर ठेवली. तिवारींना फार वाईट वाटलं. खांदा इतका हलका झाला होता की चालताना ते एका बाजूला कलत होते.

आणि त्याच संध्याकाळी ठाण्याचे प्रमुख दरोगाजी यांनी छांगुरला पकडलं. वर्षभर हुलकावण्या देणारा पाण्याच्या मोटारींचा हा अट्टल चोर. उद्या बसनं कोर्टात हजर करायचा. दरोगाजी म्हणाले, "तिवारीजी, तुम्हीच न्या. बेडी घाला, पळण्यात पटाईत आहे."

ठाण्यात बेड्या दोनच. एकीची किल्ली हरवलेली, दुसरी नातीच्या उशाखाली. सकाळी तिवारींनी छांगुरच्या आणि आपल्या मनगटावर मिळून खांद्यावरचा गमछा टाकला, खाली त्याचा पंजा घट्ट धरला आणि दरोगाजींच्या डोळ्यांदेखत बसमध्ये चढले. बस सुटल्यावर छांगुर गमछ्याकडे बघत म्हणाला, "हवालदारसाहेब, आत बेडी नाही."

बंदूक नाही, बेडी नाही, आणि गुडघे सात कोसांचं अजून विसरले नव्हते. तिवारींनी सरळ खरं ते सांगून टाकलं. छांगुरनं सगळं ऐकून घेतलं.

"षष्ठी कधी?"

"उद्या."

"मग आज कशी काढणार? बरोबर केलंत," छांगुर म्हणाला.

दोघं दाराशेजारच्या बाकावर होते, खिडकीतून वारा येत होता. दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. पुढच्या थांब्यापर्यंत डोळे उघडे ठेवायचेच, असं ठरवता ठरवता तिवारी घोरायला लागले.

जाग आली ती कोर्टाच्या थांब्यावर. गमछा खाली पडला होता. वर्दी गेली, या एकाच विचारानं त्यांनी दचकून शेजारी पाहिलं. छांगुर जागच्या जागी होता. दोन्ही हातांनी त्यानं तिवारींचं मनगट धरून ठेवलं होतं.

"दोनदा पडत होतात दारातून," तो कुरकुरला. "आणि त्या खिशात काय शोधत होतात झोपेत? बोल्ट जमा केलात ना?"

तिवारींनी खिशातला हात बाहेर काढला आणि गमछा उचलून पुन्हा दोघांच्या मनगटांवर नीट पांघरला. मग छांगुर पुढं उतरला आणि त्यांना हात देऊन त्यानं खाली उतरवलं.