दुप्पट वेगाचा हुंदका

आयुषने जाहीरच करून टाकलं होतं, की आपल्या अल्बमनंतर मराठी लोकसंगीताचे सरळ दोन भाग पडतील. एक आयुषच्या आधीचा आणि दुसरा आयुषच्या नंतरचा!

दिवसभर हिंजवडीत दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका निस्तरायच्या आणि संध्याकाळी संस्कृतीकडे वळायचं, हा रोग पुण्यात नवा नाही. कुणी नाटकात भालदार होतो, कुणी गड चढतो. आयुषने आवाज गोळा केले. मार्केट यार्डातल्या हमालांच्या आरोळ्या, कोथरूडच्या घरातला शिट्ट्या मारणारा कुकर, आणि सगळ्यात मौल्यवान ऐवज म्हणजे धायरीच्या सोजरबाईंचा गळा!

सोजरबाई त्याच्या होणाऱ्या सासूबाई. त्यांच्या मुलीशी, मैत्रीशी, त्याचं लग्न ठरलेलं, हॉल घेतलेला, पत्रिका छापून आलेल्या. आता फक्त एकच काम उरलं होतं. लग्नापर्यंत आयुषच्या आईचा, विजयमालाबाईंचा, मानपान सांभाळणं! हे काम सोपं नव्हतं. त्यांच्या जाऊबाई एकदा सहज ‘वरण जरा पातळ झालंय’ म्हणाल्या, तर विजयमालाबाईंनी आजतागायत त्यांच्या घरी पाण्याचा थेंब घेतलेला नाही!

असो. आयुष लॅपटॉप घेऊन धायरीला गेला.

“काकू, काहीतरी अस्सल म्हणा. मातीतलं.”

“हळदीचं म्हनू का? न्हाईतरी तालीम करायचीच हाय.”

“काहीही म्हणा! फक्त मनापासून म्हणा!”

सोजरबाईंनी मनापासून आवाज लावला. आयुषच्या कानांवर हेडफोन आणि डोळे पडद्यावर उड्या मारणाऱ्या हिरव्या रेघांवर. तो आवाज ऐकत होता. शब्द म्हणजे नुसतं टरफल, असं त्याचं मत होतं. बाई दम घ्यायला थांबल्या, की हा अंगठा उंचावून ओरडायचा, “वा! अजून! अजून!”

“पोरगं लई मोठ्या मनाचं हाय गं,” सोजरबाई लेकीला म्हणाल्या.

मैत्री त्याच्याच कंपनीत टेस्टर होती. चुका शोधण्याचा पगार घेत होती. पण सुट्टीच्या दिवशी फुकट चूक दाखवायची तिची पद्धत नव्हती. ती नुसती हसली.

घरी येऊन आयुषने ते गाणं निम्म्या वेगावर आणलं. ‘वेग हा बाजारू असतो’ म्हणे! त्यामुळे सोजरबाईंचा खणखणीत आवाज कात्रजचा घाट चढणाऱ्या भरल्या ट्रकसारखा झाला. त्यावर कुकर आणि हमाल लिंपले, आणि ‘मातीची कंपनं’ हा अल्बम यूट्यूबवर अवतरला.

श्रोत्यांचे अभिप्राय येऊ लागले. “माझं नेट स्लो आहे का?” “स्पीकर दुरुस्त करून आणला, तरी असंच.” एका आईने कळकळीने विचारलं होतं, “हे लावल्यापासून बाळ टक लावून बघतंय. डॉक्टरला दाखवू का?”

आयुष खचला. पण तेवढ्यात श्रीनिवासांचं परीक्षण आलं! श्रीनिवास म्हणजे संगीतावर लिहिणारे असे समीक्षक, की ज्यांना काही आवडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, “हा शब्दांपलीकडे गेलेला मातीचा हुंदका आहे. एक स्त्री इथे शतकांचं दुःख गिळते आहे. ऐकताना माझ्या घशात काहीतरी अडकलं.”

विजयमालाबाईंनी हे परीक्षण सोसायटीत जिन्याजिन्यात वाचून दाखवलं. एवढ्यावर न थांबता रविवारी चहाला श्रीनिवासांनाही बोलावलं आणि सोजरबाईंनाही. “आपल्या विहीणबाईंचं सोनं केलं हो माझ्या मुलाने!”

रविवारी मैत्रीसकट सगळे जमले. चहा आला. विजयमालाबाई चिवड्याच्या बश्या फिरवू लागल्या. डोळे मिटून घेत श्रीनिवास म्हणाले, “एकदा सर्वांनी मिळून तो हुंदका ऐकू या.”

मोबाइल टीव्हीला जोडायचं काम आयुषच्या वडिलांकडे, बाबुरावांकडे होतं. बाबुराव निवृत्त झाल्यापासून सगळं दुप्पट वेगाने ऐकत. अर्थसंकल्पाचं भाषण असो, प्रवचन असो की भेंडी मसाला. “माणसं उगाच रेंगाळतात,” असं त्यांचं म्हणणं. मुलाचा अल्बमही त्यांनी सवयीने दुप्पट वेगावर लावला.

निम्म्याचं दुप्पट म्हणजे मूळ वेग! एवढं गणित इंजिनिअर मुलाला सुचेपर्यंत उशीर झाला होता. आवाज सर्दी झालेल्या पैलवानाचा, पण शब्द मात्र धुतल्यासारखे स्वच्छ बाहेर पडले:

“कोथरूडची विहीण बाई, बोलायाला गोड,
चहामंदी पान्याची हिला लई ओढ!”

श्रीनिवासांनी एक डोळा उघडला. मग हातातल्या कपात पाहिलं.

“साडी बघाया आली बाई ठुमकत दारी,
चिवड्यातले काजू येचून नेले घरी!”

विजयमालाबाईंच्या हातातली बशी जागच्या जागी थिजली. मागे कुकरने भक्तिभावाने शिट्टी दिली.

“बंद करा ते!” विजयमालाबाई किंचाळल्या.

“थांब गं, पुढचं कडवं येतंय,” बाबुराव म्हणाले.

श्रीनिवासांनी कप खाली ठेवला. “म्हणजे... बाई, हे दुःख नाही?”

“दुःख कसलं? लेकीचं लगीन हाय माझ्या!” सोजरबाई म्हणाल्या. “हळदीला इहिणीला दोन शब्द ऐकवल्याबिगर लगीन लागतंय व्हय? आमी म्हनायचं, मग तिकडून जबाब यायचा. आन् जावईबापूच म्हनत हुते की, अजून, अजून!”

विजयमालाबाई सावकाश वळल्या. “तू म्हणालास? अजून?”

“आई, मी फक्त आवाज ऐकत होतो...”

“काजू होतेच कुठे त्या चिवड्यात?” त्या गरजल्या. “मी शोधत होते!” आणि तरातरा स्वयंपाकघरात निघून गेल्या. दार आपटलं. आत भांडी आदळली. मग भांडीही गप्प झाली, आणि ते जास्त भीतीदायक होतं. आयुषच्या डोळ्यांपुढे जाऊबाई आणि ते पातळ वरण उभं राहिलं. गेलं लग्न!

“हॉलचे पैसे परत मिळायची तारीख गेली रे,” मैत्री कुजबुजली. “तेवढा विचार करून बेशुद्ध पड.”

“तुला माहीत होतं?”

“मराठी येतं मला. मला वाटलं, तुलाही येतं.”

दार उघडलं. विजयमालाबाई पदर खोचून उभ्या होत्या. कोथरूडला आल्यापासून त्यांनी माहेरची गाणी सांडगे-पापडांच्या डब्यांसोबत माळ्यावर टाकली होती. चार बायकांत बरं दिसत नाही म्हणून. त्यांनी घसा साफ केला, सोजरबाईंवर नजर रोखली आणि टाळी वाजवली:

“धायरीची विहीण बाई, बडेजाव मोठा,
पाहुण्यांना चिवडा आणि काजूचाच तोटा!”

सोजरबाईंनी मांडीवर थाप मारली. “आता कशी! मला वाटलं हुतं, कोथरूडची इहीण मुकीच निघती का काय!” आणि पुढचं कडवं लगेच त्यांच्याकडून आलं. त्याला जबाब इकडून. मैत्रीने टाळ्यांचा ठेका धरला. बाबुराव निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काहीतरी साध्या वेगाने ऐकत बसले.

आयुषचा हात हळूच लॅपटॉपकडे गेला. आईची नजर त्याच्यावर पडली.

“लाव तुझं मशीन,” त्या म्हणाल्या. “पण हळू केलंस तर बघ! आणि कुकर तर अजिबात नको.”

ते गाणं कुकरशिवाय, हमालांशिवाय, म्हणजेच आयुषशिवाय यूट्यूबवर गेलं. त्या मोसमात निम्म्या पुण्याच्या हळदी त्यावर नाचल्या, असं मैत्री सांगते. “दोन भाग पडलेच की तुझ्या म्हणण्याप्रमाणे,” असंही ती सांगते. “एक लोक लावतात तो, आणि एक तुझा.”

श्रीनिवासांनी मात्र कर्तव्य म्हणून जुन्या अल्बमचं परीक्षण सुधारून पुन्हा छापलं. “‘मातीची कंपनं’ दुप्पट वेगानेच ऐकावीत. त्यामुळे शब्द कळतात, हा झाला किरकोळ फायदा. खरा फायदा असा, की अल्बम निम्म्या वेळात संपतो.”

त्या परीक्षणाला पहिला अंगठा बाबुरावांनी दिला.