दोन हात अस्तर

आमच्या घरात टूथपेस्ट आली त्याच्या आधी सनस्क्रीन आलं. आम्ही सगळे राखुंडीनं दात घासायचो आणि शेजारी माझे चुलते, बबननाना, आरशाच्या तुकड्यात बघून गालाला क्रीम लावत बसायचे. दोन बोटं भरून. कमी नाही, जास्त नाही.

घर म्हणजे दोन खोल्या आणि वर पत्रा. मार्गासनीच्या वरच्या अंगाला डोंगरात आमची वाडी. आई पावसाळाभर दुसऱ्यांच्या खाचरात भात लावायला जायची. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सही येत नव्हती. थोरली बहीण दहावी पास होऊन घरी बसली, कारण पुढचं कॉलेज भोरला आणि वाडीतून रोज भोरला जाणारी गाडीच नव्हती. अशा घरात सनस्क्रीन. पाहुणे विचारायचे, "नव्या सुनंचं का?" आई म्हणायची, "न्हाई, दिराचं."

नाना तेव्हा पन्नाशीला आलेले, बिनलग्नाचे. एक जुनी जीप होती. आधी तिच्यातून सारोळ्यापर्यंत भाजी जायची, मग मी अकरावीला गेले तशी आम्ही सहा पोरी आणि वाटेत हात करतील ते लोक भोरपर्यंत जायला लागलो. नानांचा चेहरा लाल. उन्हानं रापलेला नव्हे. दोन्ही गाल आणि नाकाचा शेंडा असा पेटलेला की आत्ताच कुणी मुस्काटात दिली असावी. दारूच्या थेंबाला ते कधी शिवले नाहीत, पण चेहरा रोज सकाळी सातलाच चढवून आल्यासारखा दिसायचा.

भोरच्या एका डॉक्टरांनी सांगितलं, हा कातडीचा आजार आहे, जाणार नाही, पण आवरता येईल. ऊन टाळा, तिखट टाळा, गरम चहा टाळा, राग टाळा. दुसरा कुणी असता तर त्यानं मान डोलावून घरी येऊन मिसळ खाल्ली असती. नानांनी ते कायद्यासारखं पाळलं.

चहा समोर ठेवायचे आणि त्यावर जाड साय धरेपर्यंत नुसतं बघत बसायचे. जत्रेत सगळे रश्श्यावर तुटून पडलेले असताना हे दूध-भाकरी. तोंड धुतलं की पंचा गालाला टेकवायचा आणि उचलायचा, टेकवायचा आणि उचलायचा. आई घाईत असली की ओरडायची, "अवो भावजी, पुसा की एकदा." नाना शांतपणे म्हणायचे, "पुसायचं न्हाई, वहिनी. टिपायचं."

रागाचं मात्र अवघड होतं. राग तर यायचाच. मग नानांनी त्यावर तोड काढली. कुणी जीपला घासून गेला की ते काच खाली करायचे आणि शेजारी अण्णा असले तर म्हणायचे, "दादा, ह्याला माझ्या वतीनं दोन शिव्या घाल." अण्णा बिचारे गरीब स्वभावाचे. ते "अरे ए" एवढंच म्हणायचे. नाना म्हणायचे, "एक झाली. आजून एक हाय."

नसरापूरच्या अलीकडे एका चिंचेखाली जीप थांबायची. सनस्क्रीनचा दुसरा हात. आत कॉलेजच्या पोरी, कोंबड्या घेतलेल्या मावश्या, दुधाचे कॅन, सगळे वाट बघत.

"काय रं बबन, नवरी झालास का?" एखादी मावशी विचारायची.

"व्हय मावशे. आता नवरदेव बघा, म्हंजी सुटलो." नाना गाल थोपटत म्हणायचे. आणि गाडी सुरू करताना त्यांचं ठरलेलं वाक्य: "तोंड म्हंजी सातबारा. मानूस कसा हाय ते लोक मागनं इचारत्यात, आदी सातबारा बघत्यात."

क्रीमनं लाली थोडी उतरली, गेली नाही. तेव्हा नाना सरळ भोरच्या बाजारातल्या एका ब्युटी पार्लरमध्ये गेले. नवरीच्या मेकअपसाठी त्याचं चांगलं नाव होतं. भुवया कोरून घेणाऱ्या बायकांच्या ओळीत टोपी मांडीवर घेऊन बसले. पार्लरवाल्या ताईंनी दोन ट्यूबा दिल्या. एक हिरवी, एक कातडीच्या रंगाची. हिरव्यानं लाल मरतो, असं सांगितलं. हिरवं गव्हाच्या दाण्याएवढं, बोटानं दाबून. लगेच वर दुसरं.

नानांना ते एकदम पटलं, कारण आपली जीप ते स्वतः रंगवायचे. "म्हंजी हे अस्तर," ते मला म्हणाले. "आन् वरचा तो रंग." मी त्यांना सांगायला पाहिजे होतं की गाल म्हणजे पत्रा नव्हे. नाही सांगितलं.

आमचं कॉलेज सुरू होऊन दोन महिने झाले असतील. वाडीत कुणीतरी उठवलं, बबन सकाळीच पिऊन गाडी चालवतो, पोरी त्याच्या गाडीत कशा घालायच्या? माझी मैत्रीण कविता, तिचे आजोबा दौलतआबा वाडीत वजनाचे. त्यांनी मारुतीच्या देवळात बैठक बोलावली. कविताला काढली की बाकीच्याही निघणार, हे आम्हा सहाजणींना ठाऊक होतं. मी दोन दिवस जेवले नाही नीट.

बैठकीच्या संध्याकाळी नाना तयारीला लागले. गंज जास्त असला की जीपला ते दोन हात अस्तर द्यायचे आणि ते वाळू द्यायचे. इथंही तेच केलं. हिरवे दोन हात दिले आणि वाळायला बसले. तेवढ्यात लाईट गेली, आणि दौलतआबांचा निरोप आला: आत्ताच्या आत्ता या.

नाना तसेच आले.

देवळात बॅटरीचा दिवा होता. त्या उजेडात नानांचा चेहरा कोवळ्या कैरीसारखा दिसत होता. दौलतआबांनी दिवा उचलून त्यांच्या तोंडाजवळ धरला. मग म्हणाले, "बबन, काल लाल व्हतास. आता हे काय पिलास?"

पोरं फिसकन हसली. मी मान खाली घातली.

कोपऱ्यातून गंगूआजी उठली. तिचा नवरा पिऊन गेलेला, त्यामुळं वासाच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा. "ये हितं. तोंड उघड." नानांनी उघडलं. आजीनं आधी तोंडाचा वास घेतला, मग गालाचा. "काकडी," ती म्हणाली.

"काय?"

"काकडीचा वास येतोय. दुसरा कसलाबी न्हाई. काकडी खाऊन कोन गाडी पाडत न्हाई."

"पन भरवसा काय?" आबा म्हणाले.

नाना नळावर गेले. तोंड धुतलं. आणि एवढ्या बैठकीसमोर टिपत बसले, टेकव आणि उचल, टेकव आणि उचल. हिरवं गेलं आणि खालचा लाल बाहेर आला. रागानं नेहमीपेक्षा दुप्पट. ते वळून अण्णांना म्हणाले, "दादा, मला बोलायला मना हाय. तू बोल."

अण्णा कधी बैठकीत बोललेले नव्हते. ते उभे राहिले, टोपी काढली, परत घातली.

"गाडी बंद झाली तर माजी दुसरी पोरगीबी घरी बसंल," ते म्हणाले. "एक बसलीय. आता दुसरी नको." आणि खाली बसले.

शेवटी आबांनी ठरवलं, आठ दिवस आपण स्वतः गाडीत पुढं बसणार. बसले. पहिल्या दिवशी नाक पुढं करून. चौथ्या दिवशी चिंचेखाली त्यांनी विचारलं, "हे लावल्यानं डोळ्याखालचं काळं जातं का?" सहाव्या दिवशी ते भोरला उतरले तेव्हा त्यांच्याही नाकावर पांढरा ठिपका होता. शेवटचे दोन दिवस ते आलेच नाहीत.

या सगळ्याची खरी गोष्ट मला नंतर आईनं भाताची रोपं काढताना सांगितली. तरुणपणी नानांची तीन स्थळं या चेहऱ्यापायी मोडली होती. दारुडा म्हणून. "तवा समदे लई मागं लागले, डाक्टरला दाखवा," आई म्हणाली. "भावजी गेले न्हाईत. तुजं कालेजात नाव घातलं, त्याच आठवड्यात गेले."

मी नानांना विचारलं, तेव्हा का नाही गेलात? ते जीपची काच पुसत होते. चोळून, जोरात.

"तवा माजं एकट्याचं जात व्हतं," ते म्हणाले. "ते चालतंय."

पाच वर्षं आम्ही त्या जीपनं भोरला गेलो. सहाही जणी पदवीधर झालो. मी बी.एस्सी. आहे, आमच्या घरातली पहिली.